नळीतला बुडबुडा आणि फडातला ऊस



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाणी आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. वास्तविक बॉयलिंग हाऊस हा आमच्या शेतकी खात्याचा प्रांत नव्हे. आमचा अभ्यास शेतकी पदविकेचा आणि पाय कायम चिखलात. पण गेल्या हंगामात एका सभासदाने आम्हाला असा प्रश्न विचारला, की त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही वाफेच्या बुडबुड्यापर्यंत जाऊन पोहोचलो. जे समजले ते सर्वांच्या उपयोगाचे वाटले, म्हणून हा लेख.

प्रश्न निघाला कसा

हंगाम ऐन भरात होता. अवकाळी पाऊस होऊन गेला होता. कारखाना दीड दिवस बंद ठेवून बॉयलिंग हाऊसची सफाई काढली. गट ऑफिसात आम्ही बसलो असता एक वयस्क सभासद आले. गावात त्यांना सारे तात्या म्हणतात. तात्या खुर्चीवर न बसता उभ्यानेच म्हणाले, "साहेब, माझा ऊस तोडून बांधावर पडलाय. टोळी बसून आहे. वजन माझं घटतंय आणि तुम्ही कारखाना धुवायला काढलाय. धुणं काय हंगाम संपल्यावर करता येत नाही?"

आम्ही नेहमीचे उत्तर दिले : "तात्या, तांत्रिक कारण आहे." तात्या गप्प बसले, पण त्यांचे समाधान झाले नाही हे आम्हालाही दिसत होते. खरे म्हणजे ते तांत्रिक कारण काय, हे आम्हालाच नीट सांगता आले नसते. म्हणून त्याच संध्याकाळी आम्ही चीफ केमिस्ट साहेबांकडे गेलो. त्यांनी आम्हाला सफाईसाठी उघडलेल्या बॉडीपाशी नेले, आतली एक नळी बॅटरीच्या उजेडात दाखवली आणि म्हणाले, "हा थर बघा. यातला बराचसा माल तुमच्या खात्याने पाठवलेला आहे."

हे ऐकून आम्हाला वाईट वाटले. पण पुढच्या दोन तासांत त्यांनी जे समजावले त्यावरून ते खरेच बोलत होते, हे मान्य करावे लागले.

रसात पाणी किती?

आपण कारखान्याला ऊस देतो, कारखाना साखर काढतो. मधल्या कामाचा मोठा भाग म्हणजे पाणी उडवणे. स्वच्छ केलेला रस साधारण १५ ब्रिक्सचा धरला, तर १०० किलो रसात विरघळलेले घन पदार्थ १५ किलो आणि बाकी ८५ किलो पाणी. हा रस पॅनमध्ये साखर पाडायला पाठवण्यापूर्वी ६० ब्रिक्सपर्यंत आटवून त्याचा सिरप करावा लागतो. १५ किलो घन पदार्थ ६० टक्के भरायचे, तर एकूण सिरप २५ किलो झाला पाहिजे. म्हणजे १०० किलो रसातून ७५ किलो पाणी वाफ करून घालवायचे.

दिवसाला २,५०० टन गाळप असलेला कारखाना उदाहरणाला घेऊ. मिलवर सोडलेले पाणी धरून रसाचे वजन उसाच्या वजनाइतकेच येते असे मानू. म्हणजे दिवसाला सुमारे १,८७५ टन, दर तासाला ७८ टन पाणी उडवायचे. एवढे काम उभ्या नळ्यांनी भरलेल्या बॉड्यांत होते. नळीच्या बाहेरून वाफ, आत रस. नळी साधारण ४५ मिलिमीटर व्यासाची आणि दोन मीटरच्या आसपास उंच. अशा हजारो नळ्या. तासाला ७८ टन पाणी घालवायचे ते या नळ्यांच्या आतल्या भिंतीवरून, आणि ते जाते एकेका बुडबुड्याच्या रूपाने.

उकळणे म्हणजे काय?

गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला उकळी नव्याने सांगायला नको. काहिलीत रस टाकला, चुलवाणाला जाळ लागला की आधी मळी वर येते. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून ती काढतात. मग रस खळखळतो, फेस उसळतो आणि शेवटी पाक घट्ट होत आला की बुडबुडे मोठे, जड आणि सावकाश फुटणारे होतात. जाणता गुळव्या या बुडबुड्यांच्या चालीवरून काहील कधी उतरायची ते सांगतो. थर्मामीटर लावला तर त्या वेळी पाक ११६ ते ११८ अंश सेल्सिअसला असतो. म्हणजे बुडबुडा वाचायची विद्या आपल्याकडे जुनी आहे. कारखान्यात तीच गोष्ट नळीत घडते, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही.

पाण्याचा एक किलो १०० अंशाला तापलेला असला, तरी त्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. आणि वाफ झाली की त्या एका लिटर पाण्याची जागा जवळजवळ १,६७० लिटर होते. ही दोन वैशिष्ट्ये लक्षात ठेवावीत : बुडबुडा पोटात पुष्कळ उष्णता घेऊन जातो, आणि तो जागा फार खातो.

बुडबुडा जन्मतो कोठे?

बुडबुडा रसाच्या मधोमध सहसा जन्मत नाही, तो भिंतीवर जन्मतो. धातूचा पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागला, तरी त्यावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे आणि खळगे असतात. त्या खळग्यांत हवेचा किंवा वाफेचा कण अडकून राहतो. भिंत तापली की तो कण फुगू लागतो. हे बुडबुड्याचे बीज.

लहान बुडबुड्याला वाढणे कठीण असते. द्रवाचा पृष्ठताण त्याला चहूकडून आवळतो, आणि बुडबुडा जितका लहान तितका हा आवळ जास्त. म्हणून भिंत नुसती उकळबिंदूइतकी तापून भागत नाही, तिला काही अंश वर जावे लागते. एकदा बुडबुडा मोठा झाला की आवळ सैल होतो आणि तो झपाट्याने वाढतो. पेरणीत उगवणीचे दिवस जपावे लागतात, एकदा रोप धरले की वाढ आपोआप होते, तसेच हे.

उकळण्याआधीची उकळी

चहाचे आधण ठेवले की उकळी फुटण्यापूर्वी भांडे 'गाते', हे सर्वांनी ऐकले असेल. त्या वेळी बुडाशी बुडबुडे होत असतात, पण वरचे पाणी अजून गार असते. बुडबुडा बुडावरून सुटून त्या गार पाण्यात शिरतो, आतली वाफ परत पाणी होते आणि बुडबुडा मिटतो. असे असंख्य बुडबुडे फटाफट मिटतात, त्याचा तो आवाज. सगळे पाणी उकळबिंदूला आले की बुडबुडे मिटत नाहीत, वरपर्यंत येऊन फुटतात, आणि आवाजाचा सूर बदलतो.

वाहत्या रसातही हेच होते. ज्यूस हीटरमध्ये पंपाच्या दाबाखाली रस नळीतून सेकंदाला दीड ते दोन मीटर वेगाने जातो. चुना आणि गंधकाच्या धुराची प्रक्रिया झाल्यावर त्याला १०२ ते १०५ अंशापर्यंत तापवतात. दाब असल्याने सगळा रस उकळत नाही. पण वाफेची बाजू जास्त तापलेली असली तर नळीच्या भिंतीलगतचा अगदी पातळ थर उकळबिंदू ओलांडू शकतो आणि तेथे बुडबुडे धरू लागतात. मधला रस त्या मानाने थंड. म्हणजे भिंतीला उकळी आणि पोटात थंडावा.

अशा बुडबुड्याचे आयुष्य सेकंदाच्या शंभराव्या-हजाराव्या हिश्श्याएवढे असते. शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेरे लावून, काचेच्या अरुंद वाटेतून पाणी वाहते ठेवून, हे चित्र टिपले आहे. त्यातून जे दिसले ते असे :

१) मधला द्रव जितका थंड, तितका बुडबुडा लहान राहतो आणि लवकर मिटतो.

२) प्रवाहाचा वेग जितका जास्त, तितका बुडबुडा लहान असतानाच जागा सोडतो. पुष्कळदा तो लगेच भिंतीवरून न उठता भिंतीला धरून घसरत जातो.

३) भिंतीला उष्णता जितकी जास्त, तितके नवे खळगे जागे होतात आणि बुडबुडे दाटतात.

४) दाब कमी असेल तर बुडबुडे आकाराने मोठे होतात.

आता या मिटणाऱ्या बुडबुड्याचा फायदा काय, असे कोणी विचारील. फायदा मोठा आहे. भिंतीलगत द्रवाचा एक आळशी थर असतो, तो उष्णता पुढे जाऊ देत नाही. बुडबुडा धरतो, सुटतो, मिटतो, त्यात हा थर ढवळून निघतो आणि त्याच्या जागी मधला थंड रस येतो. शिवाय भिंतीजवळ घेतलेली उष्णता बुडबुडा मिटताना मधल्या रसाला देतो. म्हणजे तो उष्णतेची पाटी वाहणारा हमालही आहे आणि कोळपणी करणारा गडीही. त्याचे कोळपणीचे काम पुष्कळदा हमालीपेक्षा मोठे असते.

वाट अरुंद असते तेव्हा

पातेल्यात बुडबुड्याला मोकळे रान असते. नळीत तसे नाही. इव्हॅपोरेटरच्या नळीत खाली सुटे सुटे लहान बुडबुडे असतात. वर जाताना ते एकमेकांना मिळतात, नळीभर लांबट गोळे होतात, आणि आणखी वर मध्ये वाफेचा झोत व भिंतीला रसाचे पातळ कातडे अशी अवस्था येते. हे कातडे भिंतीवर असते तोवर काम उत्तम चालते. वाफ रसाला ओढत वर नेते, रस वरच्या पत्र्यावर सांडतो आणि मधल्या मोठ्या नळीतून पुन्हा खाली येतो. पंपाशिवाय हे रहाट चालते, कारण बुडबुड्यांनी भरलेला रस हलका असतो.

वाट फारच अरुंद असेल, जसे काही कारखान्यांतल्या प्लेटच्या हीटरमध्ये दोन पत्र्यांत काही मिलिमीटरच फट असते, तेथे बुडबुडा भिंतीत चेपला जाऊन चपटा होतो. त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये रसाचा अतिशय पातळ पापुद्रा उरतो. पापुद्रा पातळ म्हणून बाष्पीभवन झपाट्याने होते, ही जमेची बाजू. पण पापुद्रा संपला आणि नवा रस वेळेवर आला नाही तर भिंत कोरडी पडते, ही खर्चाची बाजू. दुसरी अडचण अशी, की अरुंद वाटेत एकदम फुगलेला बुडबुडा रसाला पुढे ढकलतो तसाच मागेही रेटतो. शेजारी शेजारी पुष्कळ वाटा असल्या तर रस मोकळ्या वाटेने जास्त जातो आणि अडलेली वाट उपाशी राहते. पाटाचे पाणी तुंबलेल्या सरीत न जाता शेजारच्या सरीत घुसते, त्यातलाच प्रकार.

भिंत कोरडी पडण्याचा अनुभव घरी तव्यावर येतो. तवा मध्यम तापला असता पाण्याचा थेंब लगेच चर्रकन उडून जातो. पण तवा लाल होईतो तापवला तर थेंब नाचत राहतो, बराच वेळ संपत नाही. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि ती उष्णता अडवते. जर्मन वैद्य लेडेनफ्रॉस्ट याने १७५६ मध्ये याचे वर्णन केले. पुढे १९३४ मध्ये जपानच्या शिरो नुकियामा यांनी पाण्यात तापलेली तार ठेवून मोजमाप केले आणि दाखवले की तापमान वाढवत नेले की उष्णता जाण्याचे प्रमाण एका हद्दीपर्यंत वाढते, नंतर उलट घटते. आपल्या बॉडीत तापमानाचा फरक थोडा असल्याने ती टोकाची अवस्था येत नाही. तरी 'जास्त जाळ म्हणजे जास्त काम' हे नेहमीच खरे नसते, एवढा धडा त्यातून घ्यावा.

चार बॉड्या आणि रिल्यू यांची युक्ती

एक किलो वाफ वापरून एकच किलो पाणी उडवायचे म्हटले तर जळणाचा खर्च कोणत्याही कारखान्याला झेपणार नाही. यावर उपाय काढला तो नॉर्बर्ट रिल्यू यांनी. १८०६ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला जन्मलेले हे कृष्णवर्णीय वंशाचे इंजिनिअर पॅरिसला शिकले. त्या काळी लुइझियानात उघड्या कढयांची रांग मांडून गुलाम मजुरांकडून कढत रस पळीने एका कढईतून दुसरीत टाकून घेत. त्यात माणसे भाजत, रस करपे आणि जळण बेसुमार लागे. रिल्यू यांनी १८४३ आणि १८४६ मध्ये पेटंट घेतली. युक्ती अशी : पहिल्या बंद भांड्यात रसाची जी वाफ निघते तीच दुसऱ्या भांड्याच्या नळ्यांना द्यायची, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या भांड्यात दाब कमी ठेवला की तेथला रस कमी उष्णतेवर उकळतो, म्हणून मागची वाफ पुरी पडते. चार बॉड्या असल्या तर एक किलो वाफेत सुमारे चार किलो पाणी उडते. आजही जगभर साखर कारखाने याच तत्त्वावर चालतात.

आपल्याकडे पहिल्या बॉडीत रस १०० अंशाच्या थोडा वर उकळतो. शेवटच्या बॉडीत सुमारे ६४ सेंटिमीटर पाऱ्याचा व्हॅक्यूम असतो, तेथे पाणी ५६ अंशाच्या आसपासच उकळते. त्या दाबाला एक किलो पाण्याची वाफ सुमारे ९,००० लिटर जागा घेते. म्हणून शेवटच्या बॉडीत बुडबुडे अवाढव्य आणि उसळी मोठी.

येथे एक बारीक गोष्ट आहे. रसाचे स्वतःचे वजन खालच्या रसावर पडते, त्यामुळे खाली दाब जास्त असतो आणि उकळबिंदूही जास्त. पहिल्या बॉडीत एक मीटर रसाखाली हा फरक अडीच-तीन अंशांचाच असतो. पण शेवटच्या बॉडीत वरचा दाबच मुळी थोडा, आणि सिरप जड. तेथे एक मीटर खोलीवर उकळबिंदू सुमारे १३ अंशांनी चढतो. म्हणजे नळी सिरपने गच्च भरली तर तळाशी उकळी फुटतच नाही, भिंतीवर धरलेला बुडबुडा जागीच मिटतो. म्हणून जाणता ऑपरेटर काचेतून बघून रसाची पातळी नळीच्या साधारण एक-तृतीयांश उंचीवर राखतो. त्याहून वर गेली तर उकळी दबते, फार खाली गेली तर वरची नळी कोरडी पडून करपते.

बुडबुड्याच्या बुडाशी काय उरते?

आता तात्यांच्या प्रश्नाकडे येऊ. बुडबुडा फक्त पाणी घेऊन जातो. साखर नेत नाही, क्षारही नेत नाही. बुडबुड्याच्या बुडाशी जो पातळ पापुद्रा आटतो, त्यातले क्षार तेथेच भिंतीवर दाट होतात. पाणी तापवायच्या बंबाच्या आत पांढरा थर धरतो, तो याच रीतीने. त्यातही चुन्याच्या काही क्षारांचा स्वभाव साखरेच्या उलट आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, तर कॅल्शियम सल्फेटसारखा क्षार पाणी तापले की कमी विरघळतो. भिंत हीच सर्वांत गरम जागा, म्हणून तो नेमका तेथेच बसतो. रस घट्ट होत जातो तसा वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, शेवटच्या बॉड्यांत बसू लागतो. यालाच कारखान्यात 'स्केल' म्हणतात.

हा थर उष्णता अडवतो. धातूच्या मानाने त्याची उष्णता वाहण्याची शक्ती किती तरी पटींनी कमी असते. मग बाहेर वाफ तीच असली तरी आत बुडबुडे विरळ होतात, रसाचे रहाट मंदावते. ऑपरेटर वाफेचा दाब वाढवून पाहतो, तेवढ्यापुरते भागते, पण थर चढतच राहतो. शेवटी दोनच वाटा उरतात : गाळप कमी करायचे, नाही तर सिरप पातळ सोडायचा.

सिरप ६० ऐवजी ५५ ब्रिक्सचा सोडला तर काय होते याचा हिशोब आम्ही चीफ केमिस्ट साहेबांसमोर बसून मांडला. १०० किलो रसामागे सिरप २५ किलोऐवजी सव्वासत्तावीस किलो होतो. म्हणजे सव्वादोन किलो पाणी जास्त राहिले. वरच्या २,५०० टनांच्या उदाहरणात ते दिवसाला सुमारे ५७ टन झाले. हे पाणी आता पॅनमध्ये उडवायचे आणि पॅनमध्ये एक किलो पाण्याला जवळजवळ एक किलो वाफ लागते. चार बॉड्यांत जे काम १४ टन वाफेत झाले असते त्याला ५७ टन लागली. जादा वाफ ४३ टन. एक टन बगॅसला साधारण दोन ते सव्वादोन टन वाफ धरली, तर रोज २० टनांच्या आसपास बगॅस फुकट गेली. ही बगॅस सभासदांचीच आहे, हे विसरून चालणार नाही.

म्हणून कारखाना थांबवून कॉस्टिक सोड्याने नळ्या उकळायच्या, मग कामगारांनी आत उतरून एकेक नळी साफ करायची. हे काम हंगाम संपेपर्यंत टाळता येत नाही, मात्र किती वेळा करावे लागेल हे आपल्या हातात काही अंशी असते.

त्या नळीतला माल कोठून आला?

स्केलचा काही भाग प्रक्रियेत घातलेल्या चुन्याचा आणि गंधकाचा असतो, तो शेतकऱ्याच्या माथी मारणे योग्य नाही. उसाच्या रसातही क्षार असतातच. पण काही भाग निश्चितपणे फडातून येतो. उसाच्या पाल्यात सिलिका भरपूर असते. मुळ्यांबरोबर माती येते. वाढ्याच्या कोवळ्या कांड्यांत साखर थोडी आणि स्टार्च जास्त. तोडून पडलेल्या उसात 'ल्युकोनोस्टॉक' नावाचे जंतू साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. चिकट रसात बुडबुडा सावकाश वर येतो, रहाट मंद होते आणि पॅनमध्ये साखरेचा दाणाही लांबट, वेडावाकडा पडतो.

आम्ही त्या रात्री घरी गेल्यावर आमच्याच खात्याची नोंदवही काढली. सफाईच्या आधीच्या आठवड्यात पावसामुळे टोळ्या अडकल्या होत्या. गाळप खंडू नये म्हणून आम्ही गटागटांना तोंडी सांगितले होते की थोडा चिखल, थोडा पाला चालवून घ्या. स्लिपा आमच्याच माणसांनी दिल्या होत्या. तात्यांना जे 'तांत्रिक कारण' आम्ही सांगितले, त्यात आमचाही वाटा होता. चार दिवसांनी त्यांच्या वस्तीवर जाऊन आम्ही तसे सांगितले. तात्या थोडा वेळ थांबून म्हणाले, "म्हणजे ज्यानं पाल्यासकट घातला त्याच्यापायी माझा वाळला." आम्ही म्हटले, "होय, आणि आम्ही तो घेतला त्याच्यापायीही."

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घाण ऊस घालणाऱ्याला वजनात दोन पैसे जास्त मिळाल्यासारखे वाटतात. पण नळी सर्वांची एकच आहे. उतारा सर्वांचा मिळून निघतो आणि दर उताऱ्यावर ठरतो. एकाच्या पाल्याची किंमत सगळे सभासद वाटून भरतात.

सभासदांनी एवढे करावे

१) ऊस जमिनीलगत तोडावा, पण मुळ्या आणि माती झटकून टाकावी. पावसानंतर फडात वाफसा आल्याशिवाय तोडीचा आग्रह धरू नये.

२) वाढे पुरते तोडावे. कोवळी कांडी मोळीत ठेवण्यात वजन दिसते, साखर नसते. वाढे जनावरांच्या उपयोगी पडते.

३) पाला फडातच काढावा. पाचट जाळण्याऐवजी सरीत पसरले तर ओल टिकते आणि जमिनीला सेंद्रिय खत मिळते. कारखान्यात गेलेले पाचट नळी खराब करते, शेतात राहिलेले जमीन सुधारते.

४) तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा. तोडचिठ्ठी आणि वाहन यांची खात्री झाल्याशिवाय कोयता लावू देऊ नये. उन्हात मोळ्या पडणार असतील तर पाचटाने झाकाव्यात.

५) फड पेटवून तोड करू देऊ नये. जळका ऊस लवकर खराब होतो. अपघाताने फड जळालाच तर त्याच दिवशी गट ऑफिसला कळवावे.

६) माती परीक्षण करून स्फुरद द्यावे. रसात फॉस्फेट पुरेसे असेल तर चुन्याबरोबर गाळ चांगला खाली बसतो आणि स्वच्छ रस मिळतो.

७) चोपण व क्षारपड जमिनीत चर काढून निचरा करावा. अशा जमिनीतल्या उसाच्या रसात क्षार जास्त येतात आणि साखर पाडणे अवघड जाते.

आमच्या खात्याकडून एवढेच सांगतो की तोंडी सवलत देण्याची पद्धत आम्ही बंद केली आहे. घाण मोळी दिसली तर स्लिपबॉयने ती बाजूला काढावी आणि मुकादमाला तेथेच दाखवावी, असे सर्व गटांना लेखी कळवले आहे. सभासदांनी त्याचा राग मानू नये. आमच्या माणसाने कोठे डोळेझाक केली असे दिसले तर निःसंकोच आम्हाला सांगावे.

ज्या सभासदांना हे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसात नावे द्यावीत. पुढच्या सफाईच्या वेळी दहा-दहा जणांना बॉडीपाशी नेऊन नळीतला थर दाखवण्याचे चीफ केमिस्ट साहेबांनी कबूल केले आहे. पहिले नाव तात्यांनी दिले आहे.